तुझा तो खांदा

कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय दिन्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर हा विषय काढला की तू दुसऱ्या मिनिटाला "बरं, पाऊस काय म्हणतोय?" करतोस, म्हणून लिहायला बसलोय. आमच्याकडं ठीक. माझी शुगर होती तिथंच आहे, हिचे गुडघे कुरकुरतात, आई खणखणीत.

आमच्या चिरंजीवांचं, ओंक्याचं, कानावर आलं असेलच. सुभ्याच्या पोटात काही राहत नाही. पण सुभ्यानं "हात मोडला" असं सांगितलं असणार, आणि तसं नाही. हाड शाबूत आहे. जिममध्ये बेंच प्रेस मारत होता. बार वर ढकलताना नव्हे, छातीवर खाली घेताना उजव्या बगलेत "टर्र" झालं म्हणे. शेजारच्या पोरानं बार धरला म्हणून बरगड्या वाचल्या. घरी आला तो हात पोटाशी धरून, आणि आईला म्हणाला, "लचक आहे, आयोडेक्स लाव." दुसऱ्या दिवशी सकाळी दंड कोपरापर्यंत काळानिळा.

मग डॉक्टर. तरुण पोरगा आहे, चष्मेवाला, पण हुशार. एक्स-रे बघितला, बाजूला ठेवला आणि ओंक्याला शर्ट काढून नमस्कार करायला सांगितलं. "आता तळवे एकमेकांवर जोरात दाबा." दिन्या, डाव्या बाजूला बगलेच्या पुढची ती जाड घडी टरारून वर आली. उजवीकडं काहीच नाही. खळगा. छातीचं सगळं मांस आत, छातीच्या हाडाकडं गोळा झालेलं आणि उजवं स्तनाग्र बोटभर खाली सरकलेलं. डॉक्टरनं तिथं दोन बोटं घातली आणि मला म्हणाला, "इथं दोरीसारखं लागायला पाहिजे होतं."

मी त्या खळग्याकडं बघतच राहिलो. तो खळगा मी आधी बघितलाय. कुणाचा ते तुला सांगायला नको.

आता मास्तरकी करतो, सहन कर. छातीचा हा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, पंख्यासारखा पसरलेला असतो. वरचा भाग गळ्याच्या हाडाच्या आतल्या अर्ध्यापासून निघतो, खालचा मोठा भाग छातीच्या मधल्या हाडापासून आणि वरच्या सहाएक बरगड्यांच्या कुर्च्यांपासून. सगळे तंतू बगलेकडं गोळा होतात आणि साधारण 5 सेंटिमीटर रुंदीची चपटी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, होऊन दंडाच्या हाडाला, वरच्या अंगाला पुढून चिकटतात. गंमत अशी की चिकटायच्या आधी कंडरेला पीळ बसतो. खालच्या बरगड्यांकडून आलेले तंतू हाडावर सगळ्यात वर जाऊन बसतात आणि गळ्याच्या हाडाकडून आलेले खाली. म्हणून कोपर छातीच्या मागं गेलं की सगळ्यात जास्त ताण खालच्या तंतूंवर येतो. बेंचवर बार छातीला टेकतो तेव्हा नेमकं हेच होतं. स्नायू ताणलाय, आणि त्याच वेळी शंभर किलो सावरायला आवळलेलाही आहे. आधी खालचे तंतू सुटतात, मग बाकीचे. ओंक्याची कंडरा हाडावरून पूर्ण उपटलीय, एमआरआयमध्ये मीही बघितलं.

आणि हा स्नायू करतो काय? हात अंगाशी ओढतो, आत फिरवतो, पुढं ढकलतो. म्हणजे कव घालतो. पैलवानाचं दुसरं काम काय असतं?

आता तुझं. त्या यात्रेच्या मैदानात सांगलीवाल्यानं तुझा उजवा हात बाहेरून मागं ओढला, तू जीव खाऊन आत खेचत होतास, आणि तू एकदम हात सोडलास. मी कडेला तुझे कपडे धरून होतो. "खांदा निखळला" म्हणून वस्तादांनी तिथंच हात ओढून बघितला, मग महिनाभर हळद, तेल, शेक आणि मालीश. खांदा निखळलेलाच नव्हता रे. असता तर तू संध्याकाळी त्याच हातानं भाकरी मोडून खाल्ली नसतीस. तुझाही दंड असाच काळानिळा झाला होता, आणि वस्ताद म्हणाले होते, "रगत उतरतंय, उतरू दे." त्यानंतर तू कव घालायला गेलास की समोरचा सुटायचा आणि सगळी तालीम म्हणायची की दिन्या घाबरला. मीही एकदा म्हणालो होतो, त्यावरून आपण रंकाळ्यावर अख्ख्या चौपाटीसमोर भांडलो होतो. (भेळ मात्र माझी सांडली होती, हे तू कधीच कबूल करत नाहीस.) तू घाबरला नव्हतास. कव घालणारा दोरच तुटला होता.

वस्तादांना दोष देत नाही. ही दुखापत पॅरिसच्या पाटिसिए नावाच्या डॉक्टरनं 1822 मध्येच लिहून ठेवली होती म्हणे, पण ती आपल्या तालमीच्या दारापर्यंत कशी यावी? तेव्हा एमआरआय कोण करणार होतं, आणि पैसे कुणाच्या बापाचे?

पण आत्ता सगळं माहीत असून घोडं अडलंय. डॉक्टर म्हणतो पहिल्या काही आठवड्यांत कंडरा परत हाडाला शिवली तर ताकद जवळपास पूर्ववत येते. उशीर झाला की ती आखडते, आजूबाजूला चिकटते, मग शिवणं अवघड होऊन बसतं. ऑपरेशननंतर दीडएक महिना हात झोळीत, आणि जड वजनाला किमान सहा महिने शिवायचं नाही. आणि चिरंजीवांचं पोलीस भरतीचं मैदान पुढच्या महिन्यात!

त्याचा हिशोब ऐक. "बाबा, मैदानी 50 गुणांची. सोळाशे मीटरला 20, शंभर मीटरला 15. गोळ्याला नुसते 15. पास व्हायला निम्मे लागतात, ते मी पळूनच काढतो. गोळा डाव्या हातानं टाकीन." मी म्हटलं, गाढवा, पास होणं वेगळं आणि यादीत येणं वेगळं, तिथं अर्ध्या अर्ध्या गुणावर पोरं बाहेर पडतात. आणि सव्वासात किलोचा गोळा डाव्या हातानं टाकशील तो तुझ्याच पायावर पडेल. ही हसली, तो नाही हसला.

वर छातीच्या मापाचं खूळ. 79 सेंटिमीटर पाहिजे आणि फुगवून 5 वाढली पाहिजे, म्हणून हा दोन वर्षं बेंचवर पडलेला. अरे, फुगवून जी वाढते ती श्वासानं, बरगड्या उचलल्या जातात म्हणून. मांस वाढवून ते 5 सेंटिमीटर येत नाहीत. आपण जोर मारायचो, छाती मातीला घासून वर यायची आणि श्वास आपोआप लांब व्हायचा. (तू जोर मोजताना पन्नासावरून थेट सत्तरावर जायचास ते सोड.)

आणखी एक आहे, ते तुझ्यापाशीच. डॉक्टरनं मला बाहेर बसवून त्याला इंजेक्शनांचं विचारलं. नंतर मला म्हणाला, तो नाही म्हणतोय. पण असल्या औषधांनी मांस भराभर वाढतं आणि कंडरा मागं राहते, म्हणून विचारावं लागतं. ओंक्या मलाही नाहीच म्हणाला, फक्त माझ्याकडं न बघता. त्याची बॅग मी उघडलेली नाही. उघडावी असं रोज रात्री वाटतं. हिला यातलं काही माहीत नाही, तेव्हा फोनवर बोललास तर जिभेला आवर.

तुझं काय चाललंय? पोरीचं कॅम्पसमधून झालं का? भोसरीचा फ्लॅट ताब्यात आला म्हणे, अभिनंदन, पार्टी उधार. मावशींचं मोतीबिंदू उरकून घे, दिवाळीवर ढकलू नकोस.

आता काम. शुक्रवारी ओंक्याला परत डॉक्टरकडं न्यायचंय आणि त्या दिवशी तारीख ठरवायचीय. माझं तो ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकून सोडून देतो. "नाही शिवलं तरी लोक जगतातच की" हे त्याचं पालुपद. खरं आहे, जगतात. तू जगलास, स्कूटर चालवलीस, संसार केलास, कारखान्यात बढत्या घेतल्यास. पण लग्नात हळदीलाही तू बनियन काढला नाहीस, ते मला आठवतं.

गुरुवारी रात्री ये. जेवण झालं की ओंक्याला घेऊन गच्चीवर जा, शर्ट काढ आणि त्याच्यासमोर तळवे दाबून दाखव. बोलू नकोस फार, तुला जमत नाही. मी येणार नाही वर. त्याला काय विचारायचं ते तुला विचारू दे आणि इंजेक्शनांचं तुला सांगावंसं वाटलं तर सांगू दे.

नाही म्हणालास तरी रागावणार नाही. पण म्हणू नकोस. तांबडा-पांढरा हिनं आत्ताच कबूल केलाय, आणि शुक्रवारी दुपारी तुला स्टँडवर मी सोडतो.

तुझा,
बंड्या