दोन कॉलेजांचे टक्के एकमेकांना गुणू नका

संपादक महोदय, नमस्कार.

परवाच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जेडी-एमबीएवरचा, म्हणजे लॉ आणि मॅनेजमेंट एकत्र करायच्या कोर्सवरचा लेख वाचला. त्यात हिशोब असा मांडलाय की लॉ स्कूल शंभरात दहा घेतं, बिझनेस स्कूलही शंभरात दहाच घेतं, म्हणजे दोन्हीकडे लागणारा शंभरात एक. झालं, हे वाचून आमचा भाचा दोन दिवस तोंड पाडून बसलाय.

अहो, असा गुणाकार फासे टाकताना चालतो. इथे दोन्हीकडे फाईल एकाच पोराची जाते, त्याचे मार्क आणि शिफारसपत्रं एकीकडे पटली तर दुसरीकडेही बऱ्यापैकी पटतात, त्यामुळे चांगल्या फाईलवाल्याचा चान्स त्या एक टक्क्यापेक्षा बराच जास्त असतो आणि कच्च्या फाईलवाल्याचा जवळपास नसतोच. बॅच छोटी असते हे खरंय, पण दोन्हीकडे अर्ज करणारेही मुळात कमीच असतात ना!

बरं, सगळीकडे पद्धतही एक नाही. हार्वर्डला दोन्ही स्कूलमध्ये वेगवेगळा अर्ज आणि दोघांनी आपापलं ठरवायचं, पण लॉच्या पहिल्या वर्षाला असताना बिझनेस स्कूलला अर्ज टाकता येतो, म्हणजे एकदा हुकलं की संपलं असं नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एकच अर्ज, कोर्स ३ वर्षांचा, आणि एलसॅट, म्हणजे लॉची प्रवेश परीक्षा, द्यावीच लागत नाही, बिझनेस स्कूलवाली जीमॅट किंवा जीआरई चालते. लेखात यातलं काहीच नाही.

अवघड नाहीये असं मी म्हणत नाही हं. एलसॅट १२० ते १८० मध्ये मोजतात आणि हार्वर्ड लॉला घेतलेल्या पोरांचा मधला स्कोअर १७४ च्या आसपास असतो, म्हणजे निम्मी पोरं तिथे किंवा त्याच्याही वर. त्यात लॉ स्कूलला नुकता ग्रॅज्युएट झालेला चालतो पण बिझनेस स्कूलला नोकरीचा अनुभव हवा असतो, त्यामुळे कॉलेज संपल्या संपल्या दोन्हीकडे अर्ज टाकणारा तिथेच अडकतो. आणि खरी गोची म्हणजे "दोन्ही कशाला?" याचं उत्तर. अमेरिकेतले राजकारणी मिट रॉमनी १९७५ साली हार्वर्डमधून दोन्ही डिग्र्या घेऊन निघाले आणि गेले कन्सल्टिंगमध्ये, वकिली केलीच नाही, मग निवड करणारे हा प्रश्न विचारणारच की. आमच्या भाच्याला विचारलं तर म्हणाला, "स्कोप जास्त आहे." हे उत्तर लिहून पाठवलं तर स्कोअर कितीही असू दे, उपयोग नाही.

एका ॲडमिशन कन्सल्टंटने तर हाच गुणाकार दाखवून घाबरवलं आणि दोन अर्जांचं डबल पॅकेज गळ्यात मारायला बघितलं. तेव्हा पुढच्या लेखात टक्के नका देऊ, कुठल्या विद्यापीठात एक अर्ज, कुठे दोन, परीक्षा कोणती आणि नंतर अर्ज करता येतो का, एवढं दिलंत तरी पुष्कळ.

आपला,
एक नियमित वाचक