पाळणाघराचं अनुदान: नूतनीकरणाची आठवण

सर्व सभासद पालकांना,

ज्यांना पाळणाघराच्या फीसाठी अनुदान मिळतं, त्यांनी नूतनीकरणाची तारीख आजच अनुदानाच्या पत्रावर बघून घ्या. मुदत टळली की पूर्ण फी आपल्या अंगावर येते. मागच्या खेपेला आपल्यातल्या एका आईचं पत्र बाळाच्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी दुमडून राहिलं. अनुदान थांबलं, बाळाला सांभाळायला तिला बिनपगारी घरी बसावं लागलं. तेव्हापासून मला या तारखांची धास्तीच वाटते.

पगाराच्या पावत्या, बाळाचा जन्मदाखला आणि कामाच्या वेळांचं मालकाच्या सहीचं पत्र एकत्र ठेवा. पगार रोखीत मिळतो म्हणून आपण नियमात बसणार नाही, असं परस्पर ठरवू नका, आधी विचारा.

ओव्हरटाइमला हो म्हणण्याआधी उत्पन्नाची मर्यादा तपासा. कधीकधी थोड्या जादा कमाईपायी त्याहून मोठी मदत जाते. पण वाढलेला पगार लपवू नका, पुढे वसुली लागू शकते.

नोंदणी शुल्क, उशिरा नेण्याचा दंड हे बऱ्याचदा अनुदानात धरत नाहीत. पाळणाघराकडून लेखी घ्या.

अर्ज भरताना अडलं तर बिनधास्त सांगा, आपण बसून भरू.