'नाही म्हणा' सांगून मूल नाही म्हणत नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 26 जूनला अमली पदार्थ विरोधी दिन येतो, शाळाशाळांतून शपथा होतात, पोस्टरं रंगतात, पोलीस खात्यातले कोणी साहेब येऊन भाषण करतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. होऊ देत, माझा विरोध नाही. पण हे सगळं आठवी-नववीला, फार तर सातवीला. मित्रांच्या मागे फरफटत जायची सवय त्याच्या कितीतरी आधी लागते हो, तिसरी-चौथीत लागते, आणि ती ड्रग्जवर लागत नाही, पेन्सिल-रबरावर लागते, डब्यावर लागते, साध्या गणिताच्या उत्तरावर लागते. तिथे कोणाचं लक्षच नाही.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात घरी प्रायमरीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. मध्ये पाढे चालले होते, मी विचारलं सात आठे किती. आमच्यातला एक मुलगा हुशार म्हणून सगळ्यांना माहीत, तो ठसक्यात म्हणाला चोपन्न. बाजूचे दोघं लगेच चोपन्न. चौथी जी मुलगी होती तिच्या पाटीवर ५६ स्वच्छ लिहिलेलं मला दिसत होतं, तिने बोटाला थुंकी लावली, सहा पुसला, चार काढला आणि म्हणाली चोपन्न. कशाला पुसलंस गं विचारलं तर म्हणते, "सगळे म्हणतात ना टीचर." तिला पाढा येत नव्हता असं नाही. तिला एकटं पडायचं नव्हतं.

आता हे फक्त आमच्या पोरांचं नाही. अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1951 साली कॉलेजच्या मोठ्या मुलांवर हाच प्रयोग केलेला, रेघा दाखवायच्या आणि कुठली कुठल्या लांबीची ते सांगायचं, अगदी डोळ्यांना दिसणारी गोष्ट, पण बाकीचे सगळे आधीच पढवलेले आणि मुद्दाम चुकीचं सांगणारे. साधारण एक तृतीयांश वेळा त्या न पढवलेल्या एकट्या बिचाऱ्याने पण चुकीचंच सांगितलं. आणि जर्मनीत लायप्झिगला चार वर्षांच्या पोरांवर असाच प्रयोग झाला, तो 2011 मध्ये छापून आला, त्यात चित्रांची पुस्तकं होती. बाकीच्यांसमोर मोठ्याने सांगायचं असलं की मुलं चुकीच्या घोळक्याबरोबर जास्त जायची, आणि गुपचूप बोट ठेवून दाखवायचं असलं की कमी. म्हणजे खरं काय ते माहीत असतं, ते सगळ्यांसमोर म्हणायला जीभ वळत नाही एवढंच. चार वर्षांचं पोर हो, बालवाडीतलं.

पण अ‍ॅशच्या प्रयोगातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच कोणी सांगत नाही. त्या घोळक्यात नुसता एक माणूस जरी बरोबर उत्तर देणारा बसवला तरी चुकीच्या उत्तरांचं प्रमाण आधीच्या पाव पटीवर आलं. एकच माणूस. आपण मुलांना काय शिकवतो, तर तू एकटा छातीठोकपणे उभा राहा, कोणाची पर्वा करू नकोस. नऊ वर्षांच्या मुलाला हे जमणारं काम आहे का, मोठ्यांना तरी जमतं का? त्यापेक्षा त्याला दुसरा व्हायला शिकवा ना. कोणी एकजण नको म्हणाला की त्याच्या बाजूला जाऊन 'मला पण नको' एवढंच म्हणायचं. हे लहान मुलाला जमतं, मी बघते रोज.

आता मी शिकवणीत एक नियम केलाय, उत्तर आधी पाटीवर लिहायचं, पाटी उलटी ठेवायची, मग तोंडाने सांगायचं, आणि पाटीवर एक आणि तोंडात दुसरं असेल तर का ते सांगायचं. पहिले काही दिवस हसाहशी झाली, आता ती चौथी मुलगी स्वतः म्हणते "माझं वेगळं आहे टीचर". सगळ्या शाळांनी हे करावं, एक पैसा खर्च नाही.

दुसरं म्हणजे बोलायची वाक्यं. 'नाही म्हण' सांगितलं की मूल म्हणतं हो टीचर आणि बाहेर जाऊन गप्प. कारण समोरचा काय बोलणार ते त्याला माहीत असतं, "कितें रे, भियेता?", म्हणजे काय रे, भितोस?, आणि मग भिवकुरो भिवकुरो, भित्रा भित्रा, म्हणून ओरडा. त्यावर काय बोलायचं ते आधी तोंडात बसलेलं पाहिजे, आम्ही नाटकासारखं करतो. कोणीतरी डिवचणारा व्हायचं. "हो भितो, मग?" हे वाक्य पोरांना भारी आवडलं, त्यावर समोरच्याला काही सुचतच नाही. "मी चाललो, आई बोलावते" पण चालेल. काही पालक म्हणतात हे खोटं बोलायला शिकवणं झालं. होऊ दे, चिरेखाणीच्या, म्हणजे जांभा दगड काढलेल्या खाणीच्या, पाण्यात उडी मारण्यापेक्षा आईचं नाव सांगून घरी आलेला बरा. पावसाळ्यात ह्या सोडून दिलेल्या खाणी भरतात, धबधब्यांवर आणि खाणींत उतरायला जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम निघतो, तरी दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या तुम्हालाच छापाव्या लागतात. त्यातले किती जण 'चल रे, काय होत नाही' म्हटल्यावर उतरले असतील देव जाणे.

ज्यांची मुलं फोन वापरतात त्यांनी घरात एक खुणेचं वाक्य ठरवावं. मुलाने फोन करून "पाव आणले काय?" विचारलं की समजायचं त्याला तिथून निघायचंय, लगेच जोरात ओरडायचं ये घरी म्हणून, आणि आणायला जायचं. घरी आल्यावर उलटतपासणी नको, नाहीतर पुढच्या वेळी फोन येणार नाही.

नरकासुराचं पण बोलायलाच हवं, दिवाळी आली की वाड्यावाड्यावर त्याचे मोठे पुतळे करायचं सुरू होतं. मोठ्या पोरांच्या हाताखाली चौथी-पाचवीतली पोरं पुतळ्यात गवत भरायला, कागद चिकटवायला असतात, ह्यात वाईट काही नाही, हात चालतात, मजा असते. पण रात्री दोन वाजता त्या गाण्याच्या दणदणाटात ही पोरं कोणाबरोबर असतात, कोण कोणाला 'एक घोट घे रे' म्हणतो, हे किती आईबापांना माहीत असतं? मंडळातल्या दोघा मोठ्या मुलांना 'आमच्या पोराकडे लक्ष ठेव रे' म्हणून आधीच सांगितलं तरी खूप फरक पडतो, गावात सगळे ओळखीचेच असतात.

आणि आता राग येईल कोणाला तरी लिहिते. घरात आपण काय करतो? "पाहुण्यांसमोर असं बोलू नको", "काकांनी दिलं तर खायचं", "उलट उत्तर नको". घरात एकदाही नको म्हणायची मुभा न मिळालेलं मूल बाहेर मित्राला कुठून नको म्हणणार. काकूला पापा द्यायचा नसेल तर नमस्कार करू दे की, काकूचं काय जातंय. शिवाय आपणच सगळ्यात जास्त दबावाखाली. वर्गात सगळ्यांनी वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट दिली म्हणून आपण देतो, ऐपत नसली तरी. बाजूच्याच्या नववीतल्या पोराकडे स्कूटर आहे म्हणून आपल्या पोराच्या हातात चावी देतो. 2019 पासून कायद्यात आहे, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर आईबापाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद. तरी ट्यूशनला जाणारी पोरं ट्रिपल सीट दिसतातच. बापाला विचारलं तर उत्तर काय, सगळेच देतात. अहो, मग माझ्या शिकवणीतल्या त्या मुलीने सहा पुसून चार काढला तर तिला कसं रागवायचं?

तेव्हा पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये मार्क आणि युनिफॉर्म झाल्यावर अर्धा तास ह्यावर ठेवावा, पहिली ते चौथीच्या पालकांसाठी आधी. भाषण नको, ती नाटकं पालकांकडूनच करून घ्या, बघा किती बाप अडखळतात ते. आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक विनंती. मुलांसाठी आठवड्याला एक छोटी चौकट द्या, त्यात एक प्रसंग छापा, 'बालरथमध्ये, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, सगळे एका मुलाला चिडवतायत, तू काय करशील' असा, आणि मुलांनी पाठवलेली उत्तरं पुढच्या आठवड्यात छापा, जशी येतील तशी, शुद्धलेखन न सुधारता. पहिले चार प्रसंग मी लिहून पाठवते, हवे तर.

आपली,
शिकवणी घेणारी एक वाचक,
फोंडा तालुका