वाट सोडून काढलेले फोटो छापू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण वाचकांच्या पावसाळी छायाचित्रांचं पान छापलंत. त्यात वरच्या कोपऱ्यात एक फोटो होता. गुडघ्याच्या वर आलेलं हिरवंगार गवत, मागे भरून आलेलं आभाळ आणि बरोबर मधोमध एक पांढरी जीप. जागा सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूचा माळ. फोटो देखणा होता, त्यात शंका नाही. पण माझी नजर जीपच्या मागे गेली. गवत चिरत दोन चाकोऱ्या आल्या होत्या आणि त्या जीपच्या चाकांपाशीच थांबल्या होत्या. तिथे आधी रस्ता नव्हता. त्या चाकोऱ्या पाहिल्यावर पेपर बाजूला ठेवला आणि पत्र लिहायला घेतलं.

मी ३१ वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरींची डिझाइन काढली. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरत फूल उभं करायचं, त्यावरून पंचकार्डांना भोकं पाडायची आणि मग ते फूल जेकार्ड मागावर विणून उतरताना बघायचं, हे माझं काम. पुढे कॉम्प्युटर आला, तरी फुलाचा पहिला आराखडा मी हातानेच काढत असे. निवृत्त झाल्यावर एक जुना कॅमेरा घेतला आणि निसर्गाचे फोटो काढू लागलो. एवढी फुलं काढली, पण ती सगळी दुसऱ्याच्या चित्रावरून. खरी फुलं एकदा त्यांच्या जागी जाऊन बघायची, म्हणून गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भाच्याला घेऊन उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात गेलो.

सोलापुराहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वार, पुढे अलकनंदेच्या कडेकडेने जोशीमठापर्यंत पावणेतीनशे किलोमीटरचा घाट. जोशीमठात २०२३ च्या जानेवारीत घरांना पडलेल्या भेगांबद्दल पेपरात वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट. तिथून पुलनापर्यंत गाडी जाते आणि मग घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची चढण पायी. साडेचारशे मीटर उंचीवरच्या गावातला माणूस तीन हजार मीटरवर गेला की काय होतं, ते माझ्या छातीने मला सांगितलं. भाचा दर वळणावर थांबून म्हणायचा, "मामा, सावकाश." मला घाई होती ती उजेडाची.

घांघरियात पोचल्यावर कळलं की दरीत सकाळी ७ नंतरच सोडतात आणि संध्याकाळी ५ च्या आत बाहेर यावं लागतं. आत राहायला परवानगी नाही, तंबू नाही, ड्रोन नाही. खेचरं हेमकुंडच्या गुरुद्वाऱ्याच्या वाटेला जातात, दरीत नाही. निसर्गाचे फोटो काढणाऱ्याला पहाटेचा आणि सांजेचा उजेड लागतो. डोंगराच्या अंगावर तिरपं ऊन पडतं, धुकं जमिनीला धरून असतं, सावल्या लांब होतात, खरा फोटो तेव्हाच. नेमक्या त्याच दोन वेळा फाटक बंद. एवढा खर्च करून, दोन-दोन रात्री प्रवासात काढून आलेल्या माणसाला दुपारचं सपाट ऊन द्यायचं, हा कुठला नियम, असं मी त्या रात्री जेवताना मोठ्याने बोललो. हॉटेलातला वाढणारा पोरगा ऐकून घेत होता. काही बोलला नाही, आणखी एक पोळी वाढून गेला.

सकाळी चौकीवर रजिस्टरात नावं लिहून आत गेलो. सुरुवातीला भोजपत्रांची झाडी, मग पुष्पावती नदीवरचा पूल, मग दम काढणारी चढण. चढण संपते आणि दरी एकदम उघडते. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतताना वाट चुकून इथे उतरला, असं सांगतात. मी वाट न चुकता गेलो, तरी पाय जागच्या जागी थांबले. दोन्ही अंगांना काळे कडे, त्यांवरून ओघळणारे पांढरे धबधबे, समोर दूरवर टिपरा हिमनदीकडचा बर्फ, आणि मधली सगळी जमीन फुलांची. माझ्या चादरीवर एक फूल दर वीतभरावर पुन्हा यायचं, तसंच, त्याच कोनात. इथे शेजारशेजारची दोन फुलंसुद्धा एकसारखी नव्हती. जिरेनियमची जांभळट निळी, पोटेंटिलाची पिवळी आणि दगडांच्या सांदीत काटेरी देठावर एकटी उभी निळी अफू. आकाशी आणि जांभळ्याच्या मधला तो रंग मला रंगाऱ्याकडून कधी काढून घेता आला नाही.

सगळ्यात जास्त होता तेरडा. छातीएवढा उंच, गुलाबी, रानच्या रान भरलेलं. आपल्याकडे गौरीला लागतो त्याच कुळातला, पण थोराड. आपल्याकडे म्हणतात, तेरड्याचा रंग तीन दिवस. तिथे त्याला जेमतेम तीन-चार महिनेच मिळतात. बर्फ वितळल्यावर उगवायचं, वाढायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि पुन्हा बर्फ पडायच्या आत मरायचं.

आता माझी चूक सांगतो. ढगाळ हवा होती आणि फुलांना तोच उजेड मानवतो, रंग फाटत नाहीत. ओल्या पानांवरची चकाकी मारायला पोलरायझर लावला. पण वाटेवरून हवी ती चौकट मिळेना. पुढे तेरडा, मधे नदीचं वळण, मागे कडा, हे तिन्ही एकत्र यायला मला डावीकडे दहा पावलं आत आणि थोडं खाली जावं लागणार होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी गेलो. ट्रायपॉड रोवला, गुडघ्यावर बसलो, चार फोटो काढले.

मागून आवाज आला, "अंकल, पैर देखिए."

अमेला उपटणारे मजूर होते ते. अमेला हे तिथलं माजोरी झाड, झपाट्याने पसरतं आणि बाकीच्या फुलांना जागा ठेवत नाही. वनखातं दर पावसाळ्यात माणसं लावून ते काढून टाकतं. त्यांच्यातला एक पन्नाशीचा माणूस माझ्याकडे बोट दाखवत होता. मी पाय उचलला. बुटाखाली तेरड्याची तीन-चार झाडं आडवी झाली होती. तेरड्याचा देठ पाणीदार असतो, जवळजवळ आरपार दिसणारा. तो वाकत नाही, काकडीसारखा मोडतो. मोडलेल्या जागी थेंब जमले होते. ट्रायपॉडचे तीन पाय काळ्या ओल्या मातीत वीतभर रुतले होते. तो माणूस रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ये अब बीज नहीं देगा. और कल दस लोग आपके पैर पर पैर रखेंगे."

मग तो स्वतः त्या झाडोऱ्यात उतरला. रोज तेच काम करणारा माणूस, पण प्रत्येक पाऊल टाकण्याआधी बुटाच्या टोकाने दगड चाचपत होता आणि दगड लागला तरच भार टाकत होता. मी वाटेवर परत आलो. दहा पावलांना मला आता पाच मिनिटं लागली.

त्यानंतर दिवसभर मला वाटेच्या दोन्ही बाजूंच्या पाऊलखुणा दिसू लागल्या. चांगला खडक दिसला की त्याच्याकडे गेलेली एक उघडी पट्टी. धबधबा नीट दिसेल अशा उंचवट्याकडे दुसरी. पंचकार्डात एक भोक चुकलं की ती चूक एका फुलापुरती राहत नाही, त्या कार्डावर विणलेल्या प्रत्येक चादरीत उतरते. आमच्या कारखान्यात असं कार्ड लगेच काढून घ्यायचे. दरीत ते काढून घेणारं कुणी नाही, म्हणून फाटक पाचला बंद होतं. आदल्या रात्री माझी चिडचिड झाली ती ह्याच नियमावर.

वाटेच्या एका अंगाला जोन लेगी ह्या इंग्लंडहून आलेल्या वनस्पतीअभ्यासक बाईंचं थडगं आहे. १९३९ मध्ये फुलं गोळा करताना त्या कड्यावरून घसरल्या. नंतर त्यांच्या बहिणीने येऊन दगड बसवला. भाच्याने तिथे बराच वेळ टोपी हातात धरली होती. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. वाट सोडली नाही. तसा फोटो मिळाला नाही, दुसरे मिळाले. त्यातल्या एकात नदी नाही, कडा नाही, नुसतं धुकं आहे आणि धुक्यातून वर आलेली तेरड्याची टोकं. माझ्याकडचा तो सगळ्यात चांगला फोटो आहे. पहिल्या दिवशीचे चार फोटो मी काढून टाकले.

हे सगळं सोलापूरच्या पेपराला का लिहायचं, असं आपण म्हणाल. कारण आपल्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर असंच एक नाजूक रान आहे आणि आपण त्याला पडीक म्हणतो. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं. दरीला डोंगर आहेत, म्हणून तिथे माणूस आपोआप हळू चालतो. माळाला कुंपण घालावं असं काही दिसतच नाही. मारवेल, पवना, कुसळी, मधेच तरवडाची पिवळी झुडपं, आणि वर नुसतं आभाळ. म्हणून गाडी सरळ आत जाते. पण काळवीट त्याच गवतात पाडस लपवतं. टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माळढोकाची मादी साधारण पावसाळ्यातच, जमिनीवर, बहुतेक एकच अंडं घालते. माळढोक आता क्वचितच नजरेला पडतो, पण ज्या गवतावर तो परत येईल ते गवत अजून आहे. चाकोरी त्या गवतातून जाते. पाऊस पडला की चाकोरीत पाणी धावतं, माती वाहते आणि दोन-चार पावसाळ्यांत तिची घळ होते. हे मी वाचून सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी मीच एका वाडीजवळच्या माळावर मोटारसायकल आत घातली होती, मावळतीचा फोटो हवा म्हणून. त्या फोटोला एका प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळालं. यंदा आषाढात तिथे जाऊन पाहिलं. चाकाची रेघ अजून उघडी आहे. कडेला गवत कंबरेला लागतंय आणि मधे मुरूम दिसतोय.

ते बक्षीस मिळालं नसतं, तर पुढच्या वर्षी मी आणखी आत गेलो नसतो. खरं सांगायचं तर गेलो होतो.

म्हणून आपल्याकडे एक मागणी आहे. छायाचित्रं पाठवण्याचं आवाहन आपण दर पावसाळ्यात करता. त्यात एक ओळ घाला: रस्ता किंवा पायवाट सोडून, घरट्याजवळ जाऊन किंवा रानावर ड्रोन उडवून काढलेला फोटो छापला जाणार नाही. फोटोत चाकोरी, तुडवलेलं गवत किंवा अंडी दिसली, तर तो कितीही सुरेख असला तरी बाजूला ठेवा. पक्ष्याची अचूक जागा छापू नका, तालुक्याचं नाव पुरे. शहरात फोटोंची प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळांनाही माझी हीच विनंती आहे. फोटो काढणारा वनरक्षकाला चुकवू शकतो, पण छापणाऱ्याला नाही, कारण आपला फोटो पानावर यावा म्हणूनच तो आत गेलेला असतो.

गेल्या रविवारच्या फोटोतल्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. तो तरुण असावा आणि त्याची नजर चांगली आहे. आपण त्याला ओळखत असाल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. गवत अजून दीड महिना उभं राहील. त्याला घेऊन मी नान्नजला जाईन, परवानगी काढून, पायी. त्याच आभाळाचा फोटो वाटेवर उभं राहून कसा काढता येतो, ते आम्ही दोघं मिळून बघू.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त चादर-डिझाइनर
पूर्व भाग, सोलापूर