उचलताना गाडी, एरवी सायकल

प्रति,
मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

साहेब, आपण कामात असता म्हणून थोडक्यात लिहितो. मंगळवारी दुपारी अप्पा बळवंत चौकामागच्या गल्लीतून माझी बॅटरीवरची मालवाहू सायकल उचलून नेली. पुढे पेटी असलेली तीनचाकी आहे. मी चौथ्या मजल्यावर औषधं द्यायला गेलो होतो, फार तर सात मिनिटं. पेटीत एका छापखान्याच्या चारशे लग्नपत्रिका होत्या. चार पोरांनी गाडी टेम्पोत आडवी टाकली, झाकण उघडलं, वर पाऊस. संध्याकाळी गाडी सोडवली तेव्हा पाकिटांचा डिंक भिजून गठ्ठाच्या गठ्ठा चिकटला होता. एक पाकीट सोडवायला गेलो, तर गणपतीची सोंड दुसऱ्यावर गेली. पुनर्छपाईचे पैसे अर्थातच मी भरले.

दंड घेणारे साहेबही अडचणीत होते. नंबर प्लेट नाही, पावती कशावर फाडायची? कारण मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला की कायद्याने ते मोटार वाहनच नाही. ना नोंदणी, ना लायसन्स. सोय म्हणून हीच गाडी घेतली होती. आता कळतंय की सवलत मागायला गेलो की ती सायकल असते आणि उचलायची वेळ आली की गाडी होते.

सरकारच्या 2021 च्या धोरणात लिहिलं होतं, पुण्यासह सहा शहरांत 2025 पर्यंत सार्वजनिक वाहतूक आणि घरपोच माल पोहोचवणाऱ्या गाड्या 25 टक्के विजेवर आणू. आणल्या का? कोणी मोजल्या? माझी तर नक्कीच मोजली नसणार, तिची नोंदच नाही. मग 2025 चं नवं धोरण आलं. त्यात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ. आभारी आहे. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकी-तीनचाकीला पाऊलही ठेवू देत नाहीत, तेवढं सोडलं तर उत्तम योजना.

गाडी चालते का, असं अधिकारी विचारतात. चालते. आधी पेट्रोलच्या स्कूटरवर दिवसाला दीडशे-पावणेदोनशे रुपये जायचे, आता एक-दीड युनिट वीज लागते. शंभर किलो माल बसतो. रविवार पेठ, बोहरी आळी, तपकीर गल्ली, जिथे टेम्पो अर्धा तास अडकतो तिथे मी निघून जातो. परवा तासभर उभा राहून मोजलं, चौदा टेम्पोंत नऊ अर्धे रिकामे. एखादा चुकला असेन. तळजईचा चढ मात्र तिला जमत नाही, हेही सांगतो. आणि बॅटरी रोज तीन मजले चढवतो मी, कारण वाड्याच्या बोळात चार्जिंगला घरमालकाचा विरोध आहे. कंबर माझी, धोरण तुमचं.

मागणी दोनच. पेठांमध्ये माल उतरवायला दहा मिनिटांची आखलेली जागा, आणि महापालिकेच्या पार्किंगमध्ये एक साधा प्लग. ते नगरसेवकाला सांगावं म्हटलं, तर मार्च 2022 ला मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. प्रशासकाकडे गेलो तर वाहतूक शाखा, वाहतूक शाखेत गेलो तर महापालिका, तिथून आरटीओ, आणि आरटीओत, "सायकल आमच्याकडे येत नाही." सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकल कुणाकडेच येत नाही. उड्डाणपुलाला मात्र सगळे एका मांडवात येतात, नारळ फोडायला पाच हात पुढे!

दंडाच्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे. वाहन क्रमांकाच्या रकान्यात रेघ आहे. वाहनाच्या प्रकारात लिहिलंय, "सायकल (मोठी)."

आपला,
एक सायकल (मोठी)वाला
शुक्रवार पेठ, पुणे