बारा पानांचा अंक

ब्रसेल्स

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

बेल्जियमच्या चित्रकथांमधला पोरसवदा बातमीदार टिनटिन इथे खरंच एवढा दिसतो का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. दिसतो. मिदी स्टेशनजवळच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर त्याचं आणि त्याच्या कुत्र्याचं भलंमोठं मुंडकं रात्री दिव्यांच्या झगमगाटात गोल फिरत असतं. ही इमारत ज्या प्रकाशनाची, त्याच्या साप्ताहिकाचा पहिलावहिला अंक परवा चाळायला मिळाला. दुकानदाराने आधी हात पुसायला लावले, मग प्लास्टिकमधून काढून दिला. किंमत विचारली आणि गप्प बसले.

'टिनटिन', गुरुवार, २६ सप्टेंबर १९४६. पानं अवघी बारा. फ्रेंच आणि डच मिळून साठ हजार प्रती छापल्या होत्या. महायुद्ध संपून वर्ष झालेलं, आणि टिनटिनचा जन्मदाता चित्रकार एर्जे पेचात होता. जर्मनांच्या ताब्यातल्या 'ल स्वार' दैनिकात त्याने चित्रं काढली होती, म्हणून ब्रसेल्स जर्मनांच्या हातून सुटल्यावर त्याला अटक झाली, काम बंद पडलं, चालू कथा अर्ध्यात अडकली. त्याला वर काढलं या साप्ताहिकाच्या प्रकाशकाने, रेमों लब्लाँने. हा जर्मनांविरुद्ध भूमिगत चळवळीत होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. अडकलेली ती इंका लोकांची कथा मग या अंकाच्या मधल्या दोन पानांवर पुढे सुरू झाली.

पण काका, नाव टिनटिनचं असलं तरी अंक एर्जे धरून चौघा चित्रकारांचा आहे. जाक लोदीने चार भावांची आणि त्यांच्या जादूच्या घोड्याची मध्ययुगीन दंतकथा काढली. एडगर जाकोब्स हा मूळचा ऑपेरा गायक. त्याची 'ब्लेक आणि मॉर्टिमर' ही चित्रकथा इथूनच सुरू झाली. त्यात जग जिंकायला निघालेला हुकूमशहा चक्क ल्हासात बसलेला! तिबेटच्या वाट्याला हे यावं, याचं हसूही येतं आणि रागही. गंमत म्हणजे जाकोब्सने ब्लेकला लोदीचा चेहरा दिला, दाढीवाल्या मॉर्टिमरला दुसऱ्या मित्राचा, आणि खलनायकाला स्वतःचा. तो दुसरा मित्र म्हणजे जाक व्हान मेल्केबेके, साप्ताहिकाचा पहिला संपादक. युद्धकाळातल्या लिखाणापायी त्याला लवकरच खुर्ची सोडावी लागली. पुढे तो पडद्याआडून मित्रांना कथा पुरवत राहिला. नाव छापता येत नव्हतं, पण चेहरा मात्र दर आठवड्याला छापून येत होता.

मला खरा आवडला तो चौथा, पॉल क्युव्हेलिए. तेव्हा बावीस वर्षांचा. त्याचा नायक कोरांताँ हा अठराव्या शतकातला, फ्रान्समधल्या ब्रिटनीचा अनाथ मुलगा. दारुड्या काकाच्या जाचाला कंटाळून जहाजात लपून पळतो. (तुम्ही मनाला लावून घेऊ नका!) पुढे जहाज फुटतं, बेटावर गोरिला मित्र भेटतो, आणि मग थेट हिंदुस्थान: किम नावाचा मुलगा, पाळलेला वाघ, राजेरजवाडे. हा हिंदुस्थान अर्थात गोष्टीतलाच आहे. पण रेषा बघाल तर थक्क व्हाल. एर्जेची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, स्वच्छ. क्युव्हेलिएच्या मुलाच्या पाठीला कणा आहे, धावताना पोटरी ताणली जाते, ओला सदरा अंगाला चिकटतो. मूळ गोष्ट त्याने धाकट्या भावांना सांगायला म्हणून रचलेली. त्याचा जीव चित्रकलेत आणि शिल्पात होता, कॉमिक्स त्याला कायम दुय्यम वाटलं. वाईट याचं वाटतं की टिनटिनचं मुंडकं गच्चीवर फिरतं आणि याचं नाव इथल्या तरुण पोरांनाही माहीत नाही.

कोरांताँचा पहिला अल्बम नव्या छपाईत मिळाला, तो पोस्टाने पाठवला आहे. फ्रेंच आहे, पण इंद्रजालमधला वेताळ आधी चित्रांवरूनच वाचायचो ना, तसाच हाही वाचा. वाघाच्या पानांवर थांबा आणि कसा वाटला ते सविस्तर कळवा. काकूंना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुमची,
मनू