सकाळच्या दहा मिनिटांबद्दल आभार

आदरणीय साहेब,
सविनय नमस्कार.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील आमच्या मशीन शॉपची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा आठच्या पाळीला सर्वांना गोळा करून “काल पीस कमी का पडले?” असे दरडावले की दिवस सुरू झाला, अशी माझी समजूत होती. उत्तर कोणीच देत नसे. मी आवाज चढवत असे आणि माणसे माना खाली घालून मशीनवर जात. एका सीएनसी लेथच्या (संगणकावर चालणाऱ्या लेथच्या) चकचे जॉ, म्हणजे जॉब घट्ट धरणारे जबडे, झिजल्याचे ऑपरेटरला तीन दिवस ठाऊक होते, परंतु सर्वांदेखत बोलणी खावी लागतील या धास्तीने तो गप्प राहिला आणि दोनशेच्या आसपास जॉब रिजेक्ट झाले. यात माझा वाटा किती होता, हे आपण मला न दुखावता दाखवून दिलेत, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतरचा आराम सोडून आपण विश्रामबागहून स्कूटरवर तीन आठवडे रोज येत राहिलात, आणि पहिल्याच दिवशी मला केबिनमध्ये डबासुद्धा ठेवू दिला नाहीत. आठला दहा कमी असताना रात्रपाळीचा माणूस कापडाने हात पुसत उभा असतो, त्याला तेव्हाच गाठा, असे आपण सांगितलेत. त्याच्या रजिस्टरात “मशीन ओके” लिहिलेले होते. तोंडी मात्र तो सहज म्हणाला, की कूलंटला (कापताना गारवा देणाऱ्या द्रवाला) पहाटेपासून वास येतोय आणि इन्सर्ट, म्हणजे कापणारी टोके, लवकर जातायत.

मग फळ्यापाशी, उभ्यानेच, दहा मिनिटे. कालचा हिशेब मागण्याऐवजी “आज कोणाचे काय अडणार आहे?” असे विचारायला आपण लावलेत. चार दिवस कोणी तोंड उघडले नाही आणि ती शांतता मला असह्य झाली, तरी आपण मला मध्ये बोलू दिले नाहीत. पाचव्या दिवशी एका हेल्परने सांगितले, की थ्रेड (आटे) तपासायचे गेज, म्हणजे मापाचे साधन, एकच असल्यामुळे दोन मशीन एकमेकांची वाट पाहत थांबतात. वर्षभर मी त्यालाच कामचुकारपणा म्हणत होतो! आपण ते फळ्यावर लिहिलेत, पुढे माझे नाव आणि ‘गुरुवार’ लिहिलेत, आणि गेज आले नाही तर गुरुवारी सर्वांच्या आधी मीच तसे सांगायचे, असे बजावलेत.

पावसाळ्यात आता फळ्याच्या कोपऱ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळीही असते. 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका, हे आकडे सांगलीकराला पाठ असतात. 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलेली माणसे आमच्याकडेही आहेत. पूर्वी ती दुपारी न सांगता निघून जात आणि मी गैरहजेरी मांडत असे. आता सांगलीवाडी-हरिपूरच्या मंडळींना कधी सोडायचे आणि त्यांचे मशीन कोणी पाहायचे, हे सकाळीच ठरते.

रागावणे मला अजून पुरते सोडता आलेले नाही, हे कबूल करतो. पण ते आता चहानंतर आणि ज्याचे त्याला, एकट्याला गाठून होते. चकबद्दल गप्प राहिलेला तो ऑपरेटर हल्ली सर्वांत आधी बोलतो, आणि दहाची पंधरा मिनिटे होतात ती बहुतेक वेळा त्याच्यामुळेच.

आपला कृतज्ञ,
शॉप इनचार्ज, कुपवाड